हातांची ओळख

पुरणाचे मांडे भाजायचं खापर केव्हाचं तापलं होतं, पण द्वारकाबाई पदराखाली हात घेऊन बसून होत्या. कॉलेजसमोरची जागा गेल्यापासून त्यांचा मांड्यांचा फूड ट्रक या आडरस्त्याला, चार ट्रकांच्या रांगेत उभा होता. दुपारपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर तो विकायचा ठरला होता. घेणारा माणूस टायरला लाथा मारून बघतही होता.

"व्हिडिओ टाकलाय, आई. पत्त्यासकट," सून हर्षाली पुटपुटली.

"माझं तोंड नाही ना दाखवलंस?"

"नुसते हात."

"हातांना कोण ओळखतंय, बाई!"

एक स्कूटी थांबली. चालवणाऱ्या मुलीनं फोन पाहिला, चारही ट्रक पाहिले आणि गोंधळून स्कूटी माघारी वळवली. द्वारकाबाईंची हाक मारायला जीभ उचलेना. त्यांनी पुरण भरलेला उंडा घेतला, खिडकीबाहेर हात काढले आणि मांडा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवला.

"थांब गं!" मागे बसलेली मैत्रीण ओरडली. "व्हिडिओतल्या हातांवरची हीच ती गोंदणाची वेल!"

पाठोपाठ आणखी गाड्या वळल्या. हर्षालीनं टायरजवळच्या माणसाला हात जोडले. "दादा, ट्रक राहू द्या. मांडा खाऊन जा."

द्वारकाबाईंनी पिठाच्या बोटांनी पदर सारखा केला.

"पोरी, आता व्हिडिओत तोंडही घे."