काष्टीत कोणी मरत नव्हतं

सांगून कोणाला पटायचं नाही, पण काष्टी गावात हैदरचाचाच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या तीन वर्षांत एकही माणूस मेला नव्हता. मरण ओढवावं अशी कामं मात्र दर रविवारी होत होती. पंपदुरुस्तीवाल्या परवेझनं झोपलेल्या अजगराच्या नाकात काडी घातली, तरी तो जिवंत. दूध संकलन केंद्रावरच्या ज्ञानेश्वरीनं भर दरबारात राक्षसांच्या राजाची दाढी ओढली, तरी तीही जिवंत.

अर्थात हे सगळं तोंडानं. खेळच तसा होता. चाचानं गोष्ट सांगायची, खेळणाऱ्यांनी गोष्टीत शिरून आपण काय करतो ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. आकडा मोठा पडला तर तरलात, एक-दोन पडला तर गेलात. हा खेळ आसिफनं, चाचाच्या मुलानं, पुण्याच्या होस्टेलातून आणला होता. आसिफ नोकरीला बंगळूरला गेला, खेळ मागं राहिला. नियमांचं पुस्तक सगळं इंग्रजीत. चाचानं नुसती चित्रं बघितली आणि नियम स्वतःचे केले. तीस वर्षं बाजारची जनावरं टेम्पोतून वाहिलेला माणूस. रस्त्यात भेटलेली भुतं त्याच्याकडे ढिगानं पडून होती.

त्यातला एक नियम त्याच्याच अंगाशी आला. ‘मेला त्यानं उठायचं. गोष्ट संपेस्तोवर परत बसायचं न्हाई.’ तीन वर्षांपूर्वी, खेळ नवा असताना, कल्याण नावाच्या पोराच्या तिरंदाजाला मगरीनं खाल्लं. कल्याण उठला, चपला घातल्या, ‘बघू चाचा’ म्हणाला आणि गेला. आता तो स्टँडवर दिसतो, लांबूनच हात करतो. त्या आठवड्यात चाचाला कळलं, की सोमवार ते शनिवार आपल्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज कोणी बोलत नाही.

पुढच्या रविवारी त्यानं स्वतःपुढं पेढ्यांचं रिकामं खोकं उभं केलं आणि फासा त्याच्या आड टाकायला लागला. खोक्याआड खरं, खोक्यापुढं खोटं. खोटं बोलायचाही त्याचा कायदा होता. वीस कधी म्हणायचं नाही, संशय येतो. सतरा म्हणायचं. सतरा हा गरीब, कष्टाळू आकडा, त्याची कोणी झडती घेत नाही. गोष्टही तो संपवत नव्हता. संपवली तर कल्याण कदाचित परत येईल, पण हे दोघंही उठायला मोकळे होतील.

मरणाची भीती गेली तशी पोरं मोकाट सुटली. आणि मोकाट सुटलेल्यांना कुठंच पोचायची घाई नसते. दाढी ओढताना ज्ञानेश्वरी जांभई देत होती. आज तर परवेझ मोबाईल चाळत चाळत लढत होता.

“चाचा, पुढल्या रविवारचं माझं काय सांगता येत न्हाई,” मान वर न करता तो म्हणाला. “दुकानात पंप लई येऊन पडल्यात.”

चाचानं ऐकलं नाही असं दाखवलं. दोघांना चहा ओतला आणि गोष्टीतल्या विहिरीच्या तळाशी सात तोंडांचा राक्षस आणून बसवला. चांगला मोठा, जरा बघण्यासारखा.

ज्ञानेश्वरीनं चहा तसाच ठेवला.

“मी तलवार खाली ठेवते,” ती म्हणाली. “चिलखत बी काढते. आन उडी मारते. थेट त्याच्या मधल्या तोंडात.”

“रिकाम्या हातानं?”

“व्हय.”

असल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, वाटेत काटे टाकायचे असतात, एवढं चाचाला अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं गोष्टीत वादळ आणलं. ज्ञानेश्वरीनं विहिरीचा कठडा धरला. त्यानं काठावर एक म्हातारी उभी केली आणि तिच्या आवाजात म्हणाला, “पोरी, माघारी फिर गं. माझ्या सात सुना गिळल्यात त्यानं.”

“म्हातारीच्या पाया पडते,” ज्ञानेश्वरी म्हणाली, “आन उडी मारते.”

“अगं, निदान दोर तरी बांध कमरंला.”

“न्हाई बांधत.”

परवेझनं मोबाईल पालथा ठेवला.

“मरशील,” चाचा म्हणाला. हा आवाज म्हातारीचा नव्हता, राक्षसाचाही नव्हता.

“टाका फासा, चाचा.”

चाचानं फासा उचलला आणि हात खोक्याआड नेला. एक पडला तर ही उठणार. ही उठली की परवेझ एकटा कशाला बसतोय? मग चहा एकाच कपाचा. बाहेरून टेम्पो गेला आणि पत्रा थरथरला.

“सतरा!” तो ओरडलाच. “सतरा पडले की! राक्षसाला आली शिंक, आन तू गरगरत वर, वर, थेट काठावर! काय नशीब हाय पोरीचं! अशी शिंक मी घोडेगावच्या बाजारात एका रेड्याची...”

ज्ञानेश्वरीनं हात लांब करून खोकं बाजूला सारलं. मागं नुसतं सतरंजीचं कापड होतं, आणि त्यावर चाचाची मूठ. घट्ट मिटलेली.

“सतरा कुठले, चाचा? फासा तुमच्या मुठीतच हाय अजून.” ती पुढं सरकून बसली. “टाका खरा. मेले तरी रविवारी येनार हाय मी.”