साळुंकीचा पंख
खिडकीखाली सापडलेली साळुंकीची दहा पिसं मी प्रदर्शनासाठी कागदावर उतरवून, कापून आणली होती. चित्रकलेच्या सरांनी ती टेबलावर पसरली आणि कपाळालाच हात लावला. "अगं, पांढरा डाग प्रत्येक पिसावर वेगळ्या जागी? नुसता गोंधळ! हे नाही पाठवायचं." मैत्रीण कुजबुजली, "गेली तुझी साळुंकी उडून!" एरवी मान खाली घातली असती. आज म्हटलं, "सर, टाचणी द्या ना!" पिसं एकावर एक रचून देठांत टाचणी खुपसली आणि पंख उघडला. विखुरलेले डाग सरकत सरकत एकमेकांना भिडले आणि झाली की लख्ख चंद्रकोर! "सर, साळुंकी बसली की इवलासा ठिपका, उडाली की हे असं!" सरांनी पंख मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला. घंटा झाली तरी चालूच. शेवटी मीच म्हटलं, "सर, द्या की! पाठवायचाय ना?"