कडेचा घोडा

उपासनी सरांचा हात पटावर अधांतरी थांबला.

मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, पण आज ते संगणकाच्या बाजूने बसले होते. पडद्यावर दिसेल ती चाल पटावर खेळायची, एवढंच त्यांचं काम. पडदा मला दिसत नव्हता. "दोन डावांच्या मध्ये माणसं संगणकाला पढवतात, मग मी नेमकं कुणाशी खेळतेय?" असं मी सकाळीच पंचांना सुनावलं होतं. आता शेवटच्या डावात माझा राजा उघडा पडला होता.

सरांनी घोडा उचलून पटाच्या कडेला ठेवला.

एवढ्याने डाव माझ्याकडे फिरला. पण ती चाल माझ्या ओळखीची होती. लहानपणी मी रडकुंडीला आले, की मला जिंकू द्यायला सर घोडा असाच कडेला न्यायचे.

मी घड्याळ थांबवलं. पंच जवळ आले. "सर, पडद्यावर आहे तीच चाल खेळा," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे न बघता घोडा मागे घेतला आणि वजीर सरकवला. सगळं संपलं. मी राजा आडवा केला.

सरांनी हात पुढे केला.

"संगणकाकडून?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, "माझ्याकडून."