खाजकुयलीची वाट

"ताई, पाटी तर डावीकडची वाट दाखवत होती ना?" प्रज्योतने विचारलं.

"ती जुनी हाय, दादा. हिकडनं दरी लय झ्याक दिसते," म्हणत सगुणा उजवीकडे उतरू लागली.

पाटी जुनी नव्हती. गेल्याच दिवाळीत सगुणाने ती स्वतः रोवली होती.

गडावर तंबूत राहिलेल्या पाहुण्यांना सकाळी दरीतून गावापर्यंत उतरवणं हे तिचं काम. आजचा पाहुणा तिने कालच ओळखला होता. दोन पावसाळ्यांमागे याच दरीत, ओढा ओलांडताना तिची आई ठमाबाई मोळीसकट घसरली. लुगडं वर, पाय आभाळाकडे. याने हात दिला नाही, फोन धरला. मागे हसण्याचे आवाज जोडले आणि 'घसरगुंडी आजी' म्हणून नेटवर टाकला व्हिडिओ. तीन लाख लोकांनी पाहिला. अलिबागच्या बाजारात पोरंटोरं ठमाबाईला बघून पाय वर करून दाखवू लागली. चाळीस वर्षं तिथे रानभाजी विकणारी बाई त्यानंतर बाजाराला गेलीच नाही. घर आणि गोठा, एवढ्यात तिचा दिवस संपायचा.

खाली वाटेच्या दोन्ही अंगांना वाळक्या वेली होत्या. त्यांवर शेंगा लोंबत होत्या, सोनेरी मखमलीच्या.

"वॉव! हे काय आहे?"

"आमच्या रानातली मखमल. आत शिरा की. व्हिडिओ बेस येल."

तो अर्ध्या चड्डीवर आत शिरला. सगुणा वाऱ्याची दिशा बघून लांब उभी राहिली.

पाच मिनिटांत तो नाचू लागला. खाजकुयलीची कुसं पोटऱ्यांत घुसली होती. सगुणाने फोन काढला, त्याच्यावर धरला. एवढ्यात तो रडायला लागला. खरोखरचा, नाक वाहेपर्यंत. तिच्याने बटण दाबवेना. स्वतःला शिव्या घालत तिने त्याला दंडाला धरून ओढ्याकाठच्या पहिल्या घरी नेलं. ते आईचंच होतं.

"मावशी, काहीतरी करा हो!" तीन लाख लोकांना दाखवलेला तिचा चेहरा त्याला स्वतःला ओळखू आला नाही.

ठमाबाईने त्याला क्षणभर निरखलं. "बस, लेका. हलू नको. शेणानं उतरते ही खाज."

तिने गोठ्यातून ताजं शेण आणलं. पोटऱ्यांना लावलं. मग हातांना, गळ्याला. मग गालांना, कपाळाला, नाकाच्या शेंड्याला. सावकाश, नवरदेवाला हळद लावावी तसं. मिशाही सोडल्या नाहीत.

"वाळू दे. एस्टीत बसेस्तवर धुवायचं न्हाय हां."

"मावशी, तुम्ही देवासारख्या भेटलात," म्हणत तो तिच्या पाया पडला आणि तसाच भर गावातून एस्टी थांब्याकडे निघाला.

सगुणाचा संताप आता आईवर वळला. "आये, त्याला ओळखलं न्हाय तू? तोच त्यो, व्हिडिओवाला!"

"ओळखला की. दारात आला तवाच."

"मंग येवढी माया कशाला?"

ठमाबाई हात धूत होती. बोटांच्या बेचक्यातलं शेण तिने निगुतीने काढलं.

"खाज गुडघ्याखाली व्हती, सगुणे. वरचं सगळं माझ्याकडनं."