सहा लाखांची तूट

घर विकल्याशिवाय मुलीजवळ राहायला जाता येणार नव्हतं, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेच्या व्हॅल्युअरने ठरल्या सौद्यापेक्षा सहा लाख कमी किंमत लावली. बायकोने अहवाल वाचला.

“अहो, पाया खचलाय, गच्ची गळते, असं याला कुणी सांगितलं?”

“मीच. म्हणजे, तसं असू शकेल एवढंच म्हणालो.”

“जन्मात कधी गळली आपली गच्ची?”

“नाही. पण छातीठोकपणे नाही म्हणायला मी कोण?”

तिने कपाळावर हात मारला आणि फेरतपासणीचा अर्ज दिला. दुसरा व्हॅल्युअर येऊन गेला. या वेळी किंमत सौद्याएवढी भरली. घराची डागडुजी काहीच केली नव्हती. तिने मला तेवढा वेळ वाचनालयात पाठवलं होतं.