पार्टेरचा फोटो

वाशीमच्या कॉलेजातल्या भाषणस्पर्धेसाठी धम्मदीपानं ‘पार्टेर’ हा फ्रेंच शब्द निवडला होता. कुठं तो बागेतल्या आखीव वाफ्यांसाठी वापरतात, कुठं नाट्यगृहातल्या खालच्या खुर्च्यांसाठी, तर जर्मनीत चक्क तळमजल्यासाठी. वाफे दाखवायला तिनं वाशीमजवळच्या मालेगावच्या एका शाळेच्या गच्चीवरून स्वतः काढलेला फोटो पडद्यावर लावला. त्या शाळेची बाग तिचे वडील, जानराव, सांभाळायचे.

“वा! कुठली ही बाग?” परीक्षकांनी विचारलं.

माळ्याची मुलगी म्हणवून घ्यायची तिला लाज वाटली. “फ्रान्सची, सर,” ती बोलून गेली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मागच्या रांगेत बसलेले जानराव सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत राहिले.

बसस्टँडकडे जाताना ती त्यांच्याकडे बघेना.

“काहून वं, बक्षीस भेटलं तरी तोंड पाडून चालून राह्यली?”

“बाबा, मी तिथं...”

जानरावांनी तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली.



“मले तं लय साजरं वाटलं, बाई. आपले वाफे वरून कसे दिसतेत, ते आज पयल्यांदाच पायलं.”