तीन ट्रान्सफॉर्मर आणि एक ठोका

"हे बरं, की आधीचं बरं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"आधीचं," नात म्हणाली. "यात सगळे उशीत तोंड खुपसून गातायत."

चष्मेवाल्याने तारा काढल्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलत त्याने जन्मभर हाच प्रश्न विचारला होता. ट्रान्सफॉर्मर निवडायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. टेबलावर तीन ठोकळे होते, मुठीएवढे, पण उचलताना मनगट वाकवणारे. एक आवाज दहापट करणारा, एक वीसपट, एक तीसपट. रेडिओवाल्याने ते रविवारपुरते वापरून बघायला दिले होते.

गरज पडली ती रेकॉर्ड प्लेअरच्या नव्या सुईमुळे. सुई इतकी तल्लख, की रेकॉर्डच्या खाचेत मुंगी शिंकली तरी टिपून घेईल. पण ते सांगायची इतक्या हळू आवाजात, की ॲम्प्लिफायरला काही कळायचंच नाही. मध्ये कुणीतरी मोठ्याने सांगणारा हवा होता. तोच हा ठोकळा.

आणि हा सगळा खटाटोप एका ठोक्यासाठी. तरुणपणी चष्मेवाला एका वाद्यवृंदात ट्रँगल, म्हणजे सळईने ठोकायचा पोलादी त्रिकोण, वाजवायचा. त्या वाद्यवृंदाची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यात चौथ्या मिनिटाला सगळी वाद्यं दम खातात, आणि तेवढ्यात याचा एकच ठोका. टिंग! बेचाळीस वर्षं तो टिंग त्याने जेवताना पेल्यावर चमचा मारून ऐकवला होता. दर वर्षी तो थोडा लांबत गेला. हल्ली तर विरायची वाट बघता बघता भात निवायचा.

रेकॉर्डमध्ये मात्र तो कुणाला कधी ऐकू आला नव्हता. जुनी सुई बोथट आहे, असं चष्मेवाला म्हणायचा. शेवटी नातीने करार केला. आज ठोका ऐकू आला तर आजोबा खरे. नाही आला तर ही गोष्ट या घरात पुन्हा काढायची नाही. चष्मेवाला ऐटीत "कबूल!" म्हणाला, आणि मगच त्याच्या ध्यानात आलं. गोष्टच गेली, तर जेवताना तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला?

"अहो, तो तीसपटवालाच घ्या," आतून बायको म्हणाली. "कसा भरदार वाजतो!"

बायको त्याच वाद्यवृंदातली, दुसऱ्या रांगेतलं व्हायोलिन. आता घरी शिकवणी घ्यायची. मुलांचा गज तारेवरून केसभर घसरला, तरी तिची भुवई आधी वर जायची. तिला हा उशीतला आवाज भरदार वाटावा, याचं नातीला नवल वाटलं. त्याहून नवल म्हणजे, सकाळपासून दोनदा रेकॉर्ड चौथ्या मिनिटाला पोचली, आणि दोन्ही वेळा आजीला नेमका तेव्हाच मिक्सर लावायचा होता.

नातीने रेडिओवाल्याला फोन लावला.

"अहो, वाढवायलाही सुमार असतो," तो म्हणाला. "या सुईला तीसपटवाला झेपत नाही, बारीक आवाज सगळे दबून जातात. गोंगाट हवा असेल तर तीस. तुमच्या आजोबांचा ठोका हवा असेल तर दहा."

दहापटवाला लावला. आधी नुसतं घूं झालं. चष्मेवाल्याने ठोकळा ॲम्प्लिफायरपासून हातभर लांब सरकवला, आडवा केला, आणखी थोडा फिरवला. घूं थांबलं. मग सुई टेकली, आणि तिघांच्याही अंगावर काटा आला. गाणाऱ्याने ओठ ओले केलेले कळत होते. मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली.

"आजी, मिक्सर लावलास तर बघ हं!" नात ओरडली.

चौथं मिनिट आलं. वाद्यं थांबली. चष्मेवाल्याने बोट वर केलं.

काहीच नाही. स्वच्छ, धुतल्यासारखी शांतता. आणि मग एकदम 'किर्रर्र'! पाठोपाठ ड्रम दणाणला.

नातीने सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा शांतता. पुन्हा किर्रर्र.

"आजोबा, हा ट्रँगल? याला तेल घालायचं राहिलं होतं वाटतं!"

चष्मेवाल्याचं बोट हळूहळू खाली आलं. "मी वाजवला होता गं," तो म्हणाला. "म्हणजे... सळई उचललेली मला पक्की आठवते."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. कानाच्या पाळ्या लालबुंद. आधी तिने पदराने तोंड दाबलं, मग तिला हसू आवरेना.

"तो माझा गज," ती म्हणाली.

"तुझा? आजी, तुझा गज घसरला?"

"जन्मात एकदाच! बेचाळीस वर्षं कुणाच्या कानावर आलं नव्हतं. यांनी तीन तीन ठोकळे आणून उकरून काढलं."

"ते असू दे," चष्मेवाला रडवेला झाला. "माझा ठोका कुठे गेला?"

"कुठला ठोका?" बायको म्हणाली. "सळई उचललीत, मान वळवून माझ्याकडे बघितलंत, आणि ठोका मारायचा सोडून डोळा मारलात!"